४५५ फूट : निमाडच्या काठावर आखलेली रेषा

बडवानीजवळच्या राजघाटावर नर्मदेची धोक्याची पातळी १२३.२८ मीटर धरलेली आहे. पाणी तेथवर चढले की काठच्या वस्त्या हलवायच्या, हा तिथला जुना शिरस्ता. समोरच्या उत्तर काठावर धार जिल्ह्यातले चिखलदा. तिथून नदीबरोबर खाली गेले की गुजरातेत केवडियाजवळ नवागामला सरदार सरोवराची भिंत लागते. तिची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर, जुन्या मापात ४५५ फूट. दोन्ही आकडे समुद्रसपाटीपासूनचे, त्यामुळे सरळ वजाबाकी करता येते. उत्तर येते १५.४० मीटर. पूर्वी ज्या पातळीला पूर म्हणत, तिच्या वर पाचमजली इमारतीच्या उंचीइतके पाणी आता धरण भरले की महिनोन्महिने उभे राहते. धारच्या निमाडाचे गेल्या साठ वर्षांचे भवितव्य या एका आकड्यात सामावले आहे. त्यामुळे हा आकडा आला कुठून, तो कोणी ठरवला आणि ठरल्यावर त्याच्याशी कोण किती प्रामाणिक राहिले, हे कालक्रमाने तपासणे जरुरीचे आहे. तपासल्यावर जे दिसते ते थोडक्यात असे: ही उंची राज्याराज्यांच्या मागण्या आणि वाटाघाटींतून आली, पुढे तिला निसर्गनियमाची अढळता मिळाली, आणि ज्या निवाड्याने तिला ही अढळता दिली, त्याच निवाड्यातली माणसांविषयीची अट मात्र प्रत्येक टप्प्यावर वाकवली गेली.

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाच्या मनात पवारांच्या संस्थानांशी जोडलेली आहेत. अठराव्या शतकात माळव्यात स्थिरावलेल्या पवारांच्या या गाद्या १९४८ पर्यंत टिकल्या, मग मध्य भारतात आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात विलीन झाल्या. पण धार म्हणजे फक्त माळव्याचे पठार नव्हे. विंध्याचा कडा उतरला की मांडूच्या पायथ्यापासून नर्मदेपर्यंत निमाड पसरतो, आणि धर्मपुरी, कुक्षी हे धार संस्थानाचे परगणे याच पट्ट्यातले. मुंबई-आग्रा रस्ता खलघाटला नर्मदा ओलांडतो तोही इथेच. नदीने हजारो वर्षांत आणून टाकलेल्या गाळाची खोल काळी जमीन, तिच्यावर कापूस, गहू, मिरची, केळी. पाटीदारांची बागायत, भिल्ल-भिलालांची शेती, केवट-कहारांची मासेमारी, कुंभारांच्या भट्ट्या, आणि उन्हाळ्यात नदी ओसरली की वाळूत लावलेले टरबूज-डांगर. निसरपूरसारखे मोठे बाजारपेठेचे गाव नर्मदेच्या उपनद्यांच्या काठी याच मातीवर पोसले गेले. देवास जिल्ह्यालाही दक्षिणेला, नेमावरपासून खाली, नर्मदेचा काठ आहे. संस्थानी काळात हा सगळा काठ धार, इंदूर, ग्वाल्हेर, बडवानी अशा अनेक दरबारांत वाटलेला होता. नदीकडे सलग पाहणारी यंत्रणा प्रथम आली ती स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, अयोध्यानाथ खोसला यांच्या नेतृत्वाखालील केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोगाच्या रूपाने. त्या पाहणीत बर्गी, तवा, पुनासा आणि भडोच अशा चार जागा पुढे आल्या. चौथी जागा गुजरातच्या तोंडाशी, आणि पुढची सारी हकीकत तिचीच.

पहिल्या आराखड्यातले धरण आजच्या तुलनेत फार लहान होते. १ मे १९६० ला मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि ५ एप्रिल १९६१ ला पंडित नेहरूंनी नवागामला कोनशिला बसवली, तेव्हा पहिल्या टप्प्याची पातळी १६२ फूट होती. दुसऱ्या टप्प्यात ती ३२० फुटांपर्यंत न्यायची होती. ३२० फूट म्हणजे साडेसत्त्याण्णव मीटर. राजघाटाच्या धोक्याच्या खुणेपेक्षा ही पातळी पंचवीस मीटरहून अधिक खाली आहे. त्या धरणाचे पाणी सातपुडा आणि विंध्याच्या मधल्या अरुंद घळीत राहिले असते. त्या घळीतल्या आदिवासी गावांना त्याचा फटका बसलाच असता, पण निमाडची काळी जमीन कोरडी राहिली असती. ही गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण पुढे चर्चा अशी व्हायची की जणू नवागामला धरण म्हटले की निमाड बुडणे ओघानेच आले. तसे नव्हते. धरण आणि निमाड दोन्ही राहू शकतील असा आराखडा कागदावर होता, त्याची कोनशिलाही बसली होती.

मग आकडा वाढत गेला. नोव्हेंबर १९६३ मध्ये भोपाळला गुजरात आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. त्यात नवागाम ४२५ फूट आणि वर पुनासा ८५० फूट असे ठरले. मध्य प्रदेशने पुढे तो मान्य केला नाही. केंद्राने १९६४ मध्ये पुन्हा खोसलांनाच समितीचे अध्यक्ष केले आणि त्या समितीने १९६५ मध्ये ५०० फुटांची शिफारस केली. त्याच वर्षी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी नवागामच्या वर जलसिंधी येथे संयुक्त वीजधरण बांधायचा करार केला. महाराष्ट्राचा रस पाण्यात कमी आणि विजेत जास्त होता, आणि नवागाम उंच झाले की जलसिंधीची जागाच पाण्याखाली जाणार होती. म्हणजे या भांडणात महाराष्ट्र केवळ साक्षीदार नव्हता, पक्षकार होता. गुजरातने जुलै १९६८ मध्ये तक्रार नोंदवली आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली नर्मदा पाणी तंटा लवाद नेमला गेला. तिथे गुजरातची मागणी ५३० फुटांवर पोहोचली होती. १६२, ३२०, ४२५, ५००, ५३०. पंधरा वर्षांच्या आत एकाच जागेसाठी मांडलेले हे आकडे आहेत. नदी तीच, खडक तोच, दरीचा आकार तोच. बदलले ते एवढेच की पाणी किती दूर न्यायचे.

उंचीची किल्ली धरणाच्या भिंतीत सापडत नाही, ती कालव्यात आहे. हे स्थापत्य नीट समजून घेतले तर बराच गोंधळ मिटतो. नर्मदेचा मुख्य कालवा गुजरातेत ४५८ किलोमीटर चालून राजस्थानच्या सीमेला पोहोचतो आणि पुढे जालोर-बाडमेरकडे जातो. मुखाशी त्याची क्षमता ४०,००० क्युसेक. इतके पाणी पंपांनी उचलणे परवडणारे नाही, ते उतारानेच वाहिले पाहिजे. कालवा जितक्या उंचीवरून सुरू होईल तितकी जास्त जमीन त्याच्या खालच्या अंगाला येते आणि तितके दूरचे क्षेत्र उताराने भिजते. म्हणून खरा वाद धरणाच्या उंचीपेक्षा कालव्याच्या मुखाशी पाण्याची पातळी काय ठेवायची याचा होता. मध्य प्रदेश म्हणत होता की ती खाली ठेवा. गुजरात वर मागत होता. लवादाने ३०० फूट, म्हणजे ९१.४४ मीटर, ठरवली. एकदा हे ठरले की बाकीचे गणित पायरीपायरीने वर चढत जाते. कालव्याला पाणी देता यावे आणि मधल्या उतारावर वीजही काढता यावी, यासाठी जलाशयाची किमान पातळी ३६३ फूट ठेवावी लागली. त्याच्यावर वर्षभराचे वापरायचे पाणी साठवायचे, त्यातून ४५५ आले. आणि मोठ्या पुरात आणखी पाच फूट चढण्याची मुभा, म्हणून कमाल पातळी ४६० फूट.

या गणितातली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. सरदार सरोवराचा एकूण साठा सुमारे ९.५ अब्ज घनमीटर आहे आणि त्यातला वापरायचा साठा सुमारे ५.८ अब्ज. उरलेले ३.७ अब्ज घनमीटर किमान पातळीच्या खालचे, अभियंत्यांच्या भाषेत मृत साठा. गाळासाठी जागा म्हणून प्रत्येक धरणात असा साठा ठेवतात, पण इथे त्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या जवळ जाते, कारण त्याचे मुख्य काम वरच्या पाण्याला कालव्याच्या पातळीपर्यंत उचलून धरणे हे आहे. जलाशय २१४ किलोमीटर लांब आणि सरासरी पावणेदोन किलोमीटर रुंद आहे, त्याचे क्षेत्र सुमारे ३७५ चौरस किलोमीटर. घळीत तो नदीसारखाच अरुंद राहतो. रुंद होतो तो वर, निमाडच्या सपाटीवर. दरी उघडी असेल तिथे पातळी एक फूट वाढली तर पाणी आडवे किती पसरते, याचा अनुभव त्या भागातल्या शेतकऱ्याला कोणत्याही नकाशाविना आहे. म्हणून शेवटचे काही फूट घळीतल्या गावांपेक्षा धारच्या गावांवर जास्त भारी पडले.

भिंतीकडेही जरा जवळून पाहू. सरदार सरोवर हे काँक्रीटचे वजनी धरण आहे. म्हणजे पाण्याचा दाब ते स्वतःच्या वजनाने पेलते. लांबी १,२१० मीटर, सर्वांत खोल पायापासून उंची १६३ मीटर. सांडव्याचा माथा १२१.९२ मीटरवर, बरोबर ४०० फुटांवर संपतो. त्याच्या वर ३० वक्राकार दरवाजे आहेत, त्यांतले २३ दरवाजे ६० फूट रुंद आणि ५५ फूट उंच. चारशे अधिक पंचावन्न, चारशे पंचावन्न. काँक्रीट डिसेंबर २००६ मध्ये सांडव्याच्या माथ्यापर्यंत पोहोचले, आणि तिथून वरची सारी बुडिते या पोलादी दरवाजांची आहेत. दरवाजे उघडे असले तर पुराचे पाणी येते आणि ओसरते. बंद केले तर साठते. सांडव्याची क्षमता ३० लाख क्युसेकची, जगातल्या मोठ्या सांडव्यांत गणना व्हावी अशी. नदीपात्रातल्या विद्युतगृहात २०० मेगावॉटची सहा यंत्रे, कालव्याच्या मुखाशी ५० मेगावॉटची पाच. मिळून १,४५० मेगावॉट. विजेतला ५७ टक्के वाटा मध्य प्रदेशचा, २७ टक्के महाराष्ट्राचा, १६ टक्के गुजरातचा. अभियांत्रिकी म्हणून हे काम मोठ्या तोलाचे आहे आणि ते बांधणाऱ्यांचे श्रेय कोणी नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न ४५५ या आकड्याच्या अपरिहार्यतेचा आहे. लवादाचा निर्णय १६ ऑगस्ट १९७८ ला जाहीर झाला तेव्हा निमाडात संतापाची लाट उसळली, ‘निमाड बचाव’ची चळवळ उभी राहिली. मध्य प्रदेश सरकार ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून ४३६ फुटांचा आग्रह धरत होते. त्याचे म्हणणे असे की १९ फूट कमी केले तर गुजरातच्या पाण्याच्या वाट्याला मोठा धक्का लागत नाही. घट येते ती मुख्यतः विजेत, आणि विजेतला सर्वांत मोठा वाटा मध्य प्रदेशचाच असल्यामुळे ती झीज सोसायला ते राज्य तयार आहे. जमीन वाचवण्यासाठी एखादे राज्य आपल्याच विजेवर पाणी सोडायला तयार होते, ही बाब किती वेगळी आहे याची दखल तेव्हा पुरेशी घेतली गेली नाही. १९९६ मध्ये पंतप्रधानांनी बोलावलेल्या मुख्यमंत्र्यांच्या बैठकीतही ४३६ फुटांचा विषय टेबलावर होता. म्हणजे अंतिम निवाड्यानंतर सतरा वर्षांनीही राज्यकर्त्यांना ही उंची चर्चेपलीकडची वाटत नव्हती. ज्या पाण्यावर सगळे गणित उभे होते त्याचा आकडाही असाच होता: नदीत ७५ टक्के वर्षांत २८ दशलक्ष एकर-फूट पाणी मिळते, हे लवादाने मोजून काढलेले नव्हते. जुलै १९७४ मध्ये चारही राज्यांनी आपसात मान्य करून तो आकडा लवादापुढे ठेवला आणि लवादाने तो वाटून दिला: मध्य प्रदेशला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५, महाराष्ट्राला ०.२५. नंतरच्या नोंदींवरून केंद्रीय जल आयोगाचाच अंदाज २३ च्या आत आला, तरी वाटप जुन्या आकड्यावरच राहिले.

आता निवाड्याची दुसरी बाजू. डिसेंबर १९७९ मध्ये राजपत्रात आलेल्या त्या आदेशाला केवळ पाणीवाटपाचा दस्त समजणे अन्यायाचे होईल. त्या काळातल्या कोणत्याही भारतीय धरणाच्या मानाने त्यातल्या पुनर्वसनाच्या तरतुदी उदार होत्या. ज्या कुटुंबाची पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन जाईल त्याला किमान दोन हेक्टर सिंचनयोग्य जमीन. सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब. गावठाणात शाळा, दवाखाना, विहीर, रस्ता यांची यादीसुद्धा. भाक्रा किंवा कोयनेच्या विस्थापितांना असे लेखी वचन कधी मिळाले नव्हते. आणि त्याहून महत्त्वाचे कलम असे की नुकसानभरपाई पूर्ण दिल्याविना आणि पुनर्वसनाची व्यवस्था करून ती लोकांना कळवल्याविना मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातला कोणताही भाग कोणत्याही परिस्थितीत बुडवायचा नाही. ४५५ फूट ज्या अधिकाराने लिहिले गेले, त्याच अधिकाराने हेही लिहिले गेले. एक बंधनकारक आणि दुसरे यथाशक्ती, असा भेद निवाड्यात कुठेही नाही.

व्यवहारात मात्र भेद झाला. जागतिक बँकेने १९८५ मध्ये कर्ज दिले, ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र आढावा समितीने जून १९९२ मध्ये प्रकल्पाच्या पुनर्वसनावर आणि पर्यावरणावर कडक अहवाल दिला, आणि १९९३ मध्ये भारत सरकारनेच उरलेले कर्ज नाकारले. १९९३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या मणिबेलीत पाणी शिरले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम ८०.३ मीटरवर थांबवले. १८ ऑक्टोबर २००० च्या निकालात बहुमताने ९० मीटरपर्यंत परवानगी दिली आणि पुढची उंची पुनर्वसनाच्या बरोबरीने वाढवायला सांगितले. न्यायमूर्ती भरुचांनी वेगळे मत नोंदवले. तिथून पुढचा प्रवास ९५, १००, ११०.६४, १२१.९२ असा. ‘आधी पुनर्वसन, मग पाणी’ ही निवाड्याची अट ‘बरोबरीने’ या शब्दाने सैल झाली, आणि बरोबरी कागदावर दाखवता येते. मध्य प्रदेशने जमिनीऐवजी दोन हप्त्यांत रोख रक्कम देण्याची योजना आणली. पहिला हप्ता घ्यायचा, जमिनीची खरेदी दाखवायची, मग दुसरा हप्ता. दलालांनी यात जागा शोधली, अस्तित्वात नसलेल्या जमिनींच्या खरेदीखतांची नोंदणी झाली, आणि त्यासाठी उच्च न्यायालयाला न्यायमूर्ती श्रवणशंकर झा आयोग नेमावा लागला. ८ फेब्रुवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने ज्यांनी काहीच रक्कम उचलली नव्हती अशा ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख आणि फसवल्या गेलेल्या १,३५८ कुटुंबांना प्रत्येकी १५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. हा आदेश दिलाशाचा होता खराच. पण निवाड्यानंतर अडतीस वर्षांनी, भिंत पुरी झाल्यावर, दोन हजारांहून अधिक कुटुंबांचे पुनर्वसन झालेलेच नव्हते, याचा तो न्यायालयीन पुरावाही आहे.

याहून बोचणारी गोष्ट पाण्याच्या फुगवट्याची. धरणाच्या पाण्याचा पृष्ठभाग टेबलासारखा सपाट असतो अशी समजूत असते. भिंतीजवळ ते बरेचसे खरे आहे. पण वरून पूर येत असताना साठलेल्या पाण्याला ते येणारे पाणी अडते, साचते आणि वरच्या अंगाला पातळी भिंतीपेक्षा बरीच उंच चढते. लवादाला हे ठाऊक होते. म्हणून जमीन ४५५ फुटांपर्यंत घ्यायची, पण घरे मात्र ४५५ ते ४६० मधली आणि ४६० च्या पातळीमुळे येणाऱ्या फुगवट्याने बाधित होणारीसुद्धा संपादित करायची, असे निवाड्यात स्पष्ट आहे. केंद्रीय जल आयोगाने ऐंशीच्या दशकात फुगवट्याच्या पातळ्या काढल्या आणि त्यांवरून गावोगावी याद्या झाल्या. मग, भिंत वर चढत असताना, नव्या गणिताने या पातळ्या खाली आणल्या गेल्या आणि १५,९४६ कुटुंबे बुडिताच्या यादीतून बाहेर काढली गेली. कारण असे दिले गेले की वर इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणे झाल्यामुळे पूर सौम्य होईल. इथे माझ्या मुद्द्याचा गाभा आहे. निवाडा अंतिम म्हणून ४५५ मधून एक इंचही कमी करता येत नाही. पण त्याच निवाड्यातल्या फुगवट्याची रेषा सोयीने खाली सरकवता येते. धरणाच्या बाजूची रेषा दगडातली आणि माणसाच्या बाजूची पेन्सिलची, असा न्याय लवादाने दिलेला नव्हता.

वरची धरणे पूर सौम्य करतात हे तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण ती आधीच भरलेली असतील तर सौम्य करायला जागाच उरत नाही, आणि ती कशी चालवली जातात यावर खालच्याचे सगळे अवलंबून असते. देवास जिल्ह्याने ही किंमत मोजली आहे. बागली भागातल्या धाराजी घाटावर चैत्रातल्या भूतडी अमावास्येला मोठी जत्रा भरत असे. याच परिसरातल्या धावडी कुंडातले गुळगुळीत बाण मराठी घरांतल्या देवघरांतही पुजले जातात. ७ एप्रिल २००५ च्या रात्री उन्हाळ्यातल्या उथळ पात्रात, खडकांवर यात्रेकरू मुक्काम करून होते. वर इंदिरा सागरातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले गेले. पाऊस नाही, ढग नाही, आणि नदी चढली. साठहून अधिक माणसे वाहून गेली. कोणत्याही भिंतीला तडा गेला नव्हता, प्रत्येक यंत्र ठरल्याप्रमाणे चालले होते. खालच्या घाटावर जत्रा आहे, एवढाच निरोप पाणी सोडणाऱ्यापर्यंत पोहोचला नव्हता. पुढे तो घाट ओंकारेश्वरच्या जलाशयात गेला. नदीवर धरणांची साखळी झाली की प्रत्येक धरणाची पातळी ही वरच्या धरणातल्या माणसाच्या निर्णयावर ठरते. म्हणून फुगवट्याचे गणित केवळ सूत्रांनी करता येत नाही. त्यात चुकीला आणि घाईला जागा धरावी लागते.

गुजरातची बाजू हलकी नाही. कच्छ, सौराष्ट्र आणि उत्तर गुजरातने दुष्काळात काय भोगले ते नाकारता येत नाही, आणि आज तिथल्या शेकडो गावांच्या नळाला नर्मदेचे पाणी येते हेही खरे आहे. नर्मदेच्या पाण्याची ओढ माळव्यालाही आहे: १९९० च्या सुमारास देवास शहराला रेल्वेच्या टाक्यांतून पाणी पुरवावे लागले होते, आणि आता ओंकारेश्वर प्रकल्पाचे पाणी साडेतीनशे मीटरच्या आसपास वर चढवून क्षिप्रेत सोडले जाते. फरक इतकाच की पाचशे मीटरच्या पठारावरच्या देवासला प्रत्येक लिटरसाठी विजेचे बिल भरावे लागते आणि कालव्याच्या प्रदेशाला पाणी उताराने मिळते. ती उताराची सवलत निमाडच्या जमिनीने विकत घेतलेली आहे. तहान खरी असल्याने कोणती तरी उंची लागणार होती, हे मान्य. त्यावरून ज्याने ती उंची पेलली त्याचे देणे थकवण्याचा अधिकार मिळत नाही. उलट लाभ जितका मोठा, तितके ते देणे चुकते करणे सोपे.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. चार राज्यांतला तंटा दहा वर्षे चालून मिटला. प्रत्येक पिढीने तो पुन्हा उकरला तर कोणतीही आंतरराज्य नदी कधीच शांत राहणार नाही. कृष्णा आणि कावेरीचे उदाहरण समोर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानेही उंचीचा विषय याच कारणाने पुन्हा उघडला नाही. हे तत्त्व योग्य आहे. पण अंतिमता संपूर्ण निवाड्याची असते. आवडत्या कलमांपुरती अंतिमता मागता येत नाही. तिसरा आक्षेप असा की बहुसंख्य कुटुंबांना काही ना काही मिळालेच. अनेक जण गुजरातेत जमीन घेऊन स्थिरावले, निसरपूरचे नवे गाव वसले. तेही खरे आहे आणि त्यात काही अधिकाऱ्यांचे आणि त्याहून अधिक लोकांच्या तीस वर्षांच्या लढ्याचे श्रेय आहे. परंतु ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्या केवट, कुंभार, शेतमजूर यांच्या उपजीविकेला जमिनीचा हिशेब लागू पडत नाही. नदीत नाव चालवणाऱ्याला दूरच्या माळावर भूखंड दिला की त्याचे घर होते, पोट भरत नाही.

१२ जून २०१४ ला दरवाजे बसवण्याची परवानगी मिळाली. जून २०१७ मध्ये ते बंद करण्याचीही. त्या जुलै-ऑगस्टमध्ये चिखलद्याला विस्थापितांच्या लढ्याच्या नेत्या मेधा पाटकर उपोषणाला बसल्या आणि ७ ऑगस्टला पोलिसांनी त्यांना तिथून हलवले. १७ सप्टेंबरला धरणाचे लोकार्पण झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी प्रथमच १३८.६८ मीटरला टेकले. चिखलदा आणि जुने निसरपूर पाण्यात गेले. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये फुगवट्याच्या वादाचा निकाल नदीनेच दिला. जलाशय भरत आलेला, वरून इंदिरा सागर आणि ओंकारेश्वरचा विसर्ग, नवागामहून खाली १८ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडले गेले आणि भडोच-अंकलेश्वर बुडाले. वर धार आणि बडवानीत पाणी १३८.६८ च्या पुष्कळ वर गेले, ज्या घरांना बुडिताबाहेर ठरवले होते त्यांत शिरले. सांडव्याची क्षमता ज्या पुरासाठी ठेवली आहे त्याच्या मानाने हा पूर लहानच होता. म्हणजे खाली सरकवलेली रेषा चुकली होती आणि निवाड्यात धरलेली मूळ समजूत बरोबर होती.

लवादाने पाण्याच्या वाटपाचा फेरविचार पंचेचाळीस वर्षांनंतर करता येईल असे लिहून ठेवले होते. ती मुदत १२ डिसेंबर २०२४ ला संपली. आता कोणतेही राज्य आपल्या पाण्याच्या वाट्याचा प्रश्न पुन्हा मांडू शकते, आणि २८ चे २३ झालेले असताना तो मांडला जाणारच. तसे झाले तर पहिल्या दिवशी टेबलावर दोन कागद असले पाहिजेत: सप्टेंबर २०२३ मध्ये गावोगाव पाणी प्रत्यक्षात कुठवर चढले त्याची मोजणी, आणि वगळलेल्या १५,९४६ कुटुंबांची यादी. जिथे त्या दोन्हींचा मेळ बसतो तिथे मूळ निवाड्याप्रमाणे संपादन आणि पुनर्वसन पूर्ण करणे हे मध्य प्रदेशचे काम आहे, आणि त्याचा खर्च उचलणे हे गुजरातचे; निवाड्यात जबाबदारीची वाटणी अशीच आहे. महाराष्ट्रही यात बाजूला राहू शकत नाही. आपली ३३ गावे या जलाशयात गेली, आपण २७ टक्के विजेचे हक्कदार आहोत आणि नर्मदा नियंत्रण प्राधिकरणात आपला सदस्य बसतो. अक्कलकुवा आणि धडगावच्या विस्थापितांसाठी जी अट आपण मागितली, तीच धारच्या शेतकऱ्यासाठी प्राधिकरणाच्या बैठकीत मराठी सदस्याने मागावी आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.